बाराच्या सुमारास

मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी एक वाजून नऊ मिनिटांनी लालबाग, परळ आणि शिवडीच्या काही भागातलं इंटरनेट बंद पडलं. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली होती. संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी ते पुन्हा सुरू झालं. मधल्या वेळात, तीन वाजून पन्नास मिनिटांनी, माझे वडील गेले.

या मजकुरातली एक गोष्ट मी सात वर्षांत कोणालाही सांगितलेली नाही. वडिलांचं जाणं सगळ्यांना माहीत आहे. केबल तुटल्याचंही माहीत आहे. मी लपवली ती वेळ – एक वाजून नऊ मिनिटं.

तुम्ही म्हणाल, एवढंच? एक वेळ? मीही स्वतःला अनेकदा तसं म्हणून पाहिलं आहे. त्याने काही झालं नाही.

मी एका मराठी दैनिकाच्या संपादकीय टेबलावर एकतीस वर्षं काढली. दुसऱ्यांच्या बातम्या तपासायच्या, नीट करायच्या, मथळा द्यायचा, पान सोडायचं. नवीन आलेल्या बातमीदारांच्या कॉपीतला एक शब्द मी नेहमी लाल पेनाने उडवत असे. 'सुमारास.' रात्री दहाच्या सुमारास, दुपारी दोनच्या सुमारास. मी त्यांना सांगायचो, सुमारास याचा अर्थ तुम्ही तिथे नव्हता, आणि जो तिथे होता त्याला तुम्ही विचारलंही नाही. माझ्या पाठीमागे ते मला 'सुमारास साहेब' म्हणत. हे मला माहीत होतं आणि त्याचा थोडा अभिमानही होता.

आता वडिलांबद्दल.

बाबा विणकर होते. संपापर्यंत चौतीस वर्षं साचेखात्यात. ज्यांनी कापड गिरणीचं साचेखातं पाहिलेलं नाही त्यांना सांगतो – तिथे शेकडो माग एकाच वेळी धडधडत असत आणि शेजारच्या माणसाने ओरडून सांगितलेलंही कानात शिरत नसे. म्हणून तिथली माणसं ओठांवर बोलत. आवाज न काढता, फक्त ओठ हलवून, आणि जोडीला हाताच्या खुणा. चार मागांपलीकडचा माणूस ते वाचायचा. चहा आला, मुकादम येतोय, घरी बाळंतपण झालं, सगळं. गिरणी सुटली तेव्हा बाबांचे कान गेलेले होते. ओठ वाचण्याची सवय मात्र शेवटपर्यंत राहिली.

माझी मोठी बहीण, ताई, लहानपणीच त्यांच्याकडून ते बोलणं शिकली. दोघं जेवताना समोरासमोर बसून असं बोलत. आईला ते आवडत नसे. ती म्हणायची, "माशांसारखी तोंडां कसली करतास?" मला ते कधी आलं नाही. मी तोंड न उघडता बोलतो, असं बाबांचं म्हणणं होतं. त्यांना माझे ओठ वाचता येत नसत. म्हणून आमचं बोलणं कागदावर चाले. ऑफिसातून मी न्यूजप्रिंटचे पॅड आणत असे, छपाईतून उरलेल्या कागदाचे कापून बांधलेले. त्यावर मी लिहायचो, ते वाचायचे आणि उत्तर तोंडाने द्यायचे.

प्रत्येक माणसासाठी बाबांची एक खूण होती. ताईची खूण वेणी – कानामागून खांद्यापर्यंत हात फिरवून तीन बोटं एकमेकांत गुंफायची. माझी खूण पेन. हवेत दोन बोटांनी लिहिल्यासारखं.

ताईचं लग्न देवगड तालुक्यात, आमच्याच गावाशेजारी झालं. साधा फोन बाबांना निरुपयोगी होता. बावीस वर्षं दोघांचं बोलणं पत्रांवर आणि मे महिन्यातल्या भेटींवर चाललं. मग व्हिडिओ कॉल आला.

ज्याचे कान शाबूत आहेत त्याला याचं महत्त्व कळणार नाही. ताईच्या घरी रेंज नव्हती. घरामागचा चढ चढून सड्यावर गेलं – सडा म्हणजे वरचं कातळाचं सपाट माळरान – तर एका ठरावीक जागी ती मिळायची. त्या जागी तिने दगडावर चुन्याने खूण करून ठेवली होती. रोज बारा वाजता, भात चुलीवरून उतरवून, ती चढून तिथे जायची आणि मला मेसेज करायची. सुट्टी असो वा रात्रपाळी, बाराला मी घरीच असे. मी फोन लावून तो बाबांसमोर उशीला टेकवून ठेवायचो. मग दोघं बोलत. दहा मिनिटं, कधी वीस. आवाज नाही. फोनमधून फक्त सड्यावरचा वारा ऐकू यायचा आणि पडद्यावर ताईचे ओठ हलत राहायचे. इकडे बाबांचे. मध्येच बाबा हसायचे. मी विचारायचो, काय म्हणाली? ते म्हणायचे, "काय नाय. असाच."

मी त्या खोलीत होतो. फोन माझा होता, नेटचं पॅकही मीच भरत असे. त्या संभाषणातलं एक अक्षर मला कळत नसे.

हे मी तक्रार म्हणून सांगतोय का? सांगता सांगता तशी वाटतेय खरी. ती तशी वाटू नये म्हणून पुढचं लवकर सांगायला हवं. आणि मी लवकर सांगत नाहीये, हेही मला दिसतंय. दुसऱ्याच्या कॉपीत मी हे तीन परिच्छेद उडवले असते.

त्या मंगळवारच्या आधी अकरा दिवस बाबा परळच्या एका रुग्णालयात होते. रविवारी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, एखाद-दुसरा दिवस. मी रजा घेतली. सोमवारी बाराला बाबा झोपेत होते, म्हणून सड्यावर आलेल्या ताईला मी साध्या फोनवर एवढंच कळवलं की बाबांना घरी आणलंय, तब्येत नरम आहे, तू निघालीस तर बरं. तिने मंगळवारच्या रात्रीच्या बसचं तिकीट काढलं. "उद्या बारा वाजता बघतंय मी त्यांका," म्हणाली, "मगे निघतंय." एखाद-दुसरा दिवस हे शब्द मी तिला सांगितले नव्हते.

मंगळवारी सकाळी माझी बायको वृषाली शाळेत गेली. ती वडाळ्याच्या शाळेत शिकवते, परीक्षा चालू होत्या. बाबांना मी पुसलं, कपडे बदलले, पेज भरवली. चार चमचे गेली. नऊ-साडेनऊला – नाही, नऊ चाळीसला – ते पूर्ण शुद्धीवर आले. डोळे स्वच्छ होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात वर उचलला आणि कानामागून खांद्यापर्यंत फिरवला. वेणी.

मी पॅडवर लिहिलं, बाराला. त्यांनी मान हलवली.

दहा वाजता पुन्हा वेणी. साडेदहाला पुन्हा. अकराला मी त्यांची कूस बदलत होतो. माझा चेहरा त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. माझ्या खांद्यावरून ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. हाताची तीन बोटं चादरीवर गुंफायला लागली होती. बारा वाजेपर्यंत मी सात वेळा वेणी मोजली. पेन – एकदाही नाही.

मोजत का होतो मी?

बारा वाजून चार मिनिटांनी मेसेज आला. "सड्यार इलंय. लाव."

मी तो न उघडता, पडद्यावर आला तसाच वाचला आणि फोन लावला नाही.

हेच ते. सात वर्षं जे सांगितलं नाही ते एवढंच आहे, आणि ते एका ओळीत मावतं. त्या वेळी नेट व्यवस्थित चालू होतं. त्यानंतर आणखी एक तास पाच मिनिटं ते चालू राहिलं.

मनात काय होतं ते नेमकं सांगायचा प्रयत्न करतो. पाच मिनिटं थांबू, असं होतं. पाच मिनिटं हा माणूस माझ्याकडे बघू दे. एकदा बोटांनी हवेत लिहू दे, मग लावतो. ते लिहीत नव्हते. बारा अकराला ताईने स्वतः व्हिडिओ कॉल केला. मी फोनचा आवाज आधीच बंद केला होता. फोन माझ्या हातात थरथरला आणि थांबला. बारा एकोणीसला पुन्हा कॉल आला. या वेळी फोन पलंगाच्या कडेवर होता, उताणा. पडद्यावर ताईचा फोटो उजळला. मी तो उचलून पालथा घातला. बाबांची मान त्या बाजूला वळलेली होती. त्यांनी तो फोटो पाहिला का, याची खातरजमा करता येत नाही. मी सात वर्षं करतो आहे.

मग त्यांनी वेणी केली. आठवी.

मी पॅड घेतला आणि लिहिलं – नेट नाही.

ते त्यांनी वाचलं. कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, दूर धरला. कागद परत केला नाही. मुठीत ठेवला.

एका गोष्टीची नोंद इथे करायला हवी. कॉपीच्या प्रत्येक पानावर उजव्या कोपऱ्यात वेळ टाकायची मला सवय आहे. तेवढं हात आपोआप करतो. त्या चिठ्ठीवरही मी वेळ टाकली होती. १२.२२. चिठ्ठीतला मजकूर खोटा आणि वेळ खरी.

त्यानंतरच्या सत्तेचाळीस मिनिटांत मी काय केलं? भांडी घासली. औषधांच्या रिकाम्या पट्ट्या वेगळ्या केल्या. फोन आणखी दोनदा थरथरला. लिहून दिल्यावर लगेच लावणं अवघड झालं होतं – नेट नाही म्हटलं आणि दोन मिनिटांत आलं, हे त्यांना कसं वाटेल, असा विचार मी केला. मरणाऱ्या माणसासमोर माझं खोटं उघडं पडू नये, याची काळजी. एक वाजून गेल्यावर ठरवलं की आता पुरेसा वेळ गेला, आता 'आलं' म्हणता येईल. हात पुसले, फोन उचलला, ताईचं नाव काढलं, व्हिडिओचं चिन्ह दाबलं.

एक वाजून नऊ मिनिटं. चक्र फिरत राहिलं आणि कॉल लागला नाही. मी पुन्हा दाबलं. मग घरातल्या वायफायवरून दाबलं. मग फोन बंद करून चालू केला.

बाहेर गॅलरीत आवाज वाढायला लागले होते. आमची चाळ तीन मजली आहे, खोल्यांची दारं एका लांब गॅलरीत उघडतात. मी दारात आलो तर निम्मी चाळ फोन हातात धरून बाहेर उभी होती. शेजारच्या सावंत काकूंची मालिका अर्ध्यावर तुटली होती. कोपऱ्यातले तावडे घरून काम करत, त्यांची मीटिंग गेली होती. खाली वडापाववाल्याच्या गाडीवर चार माणसं हातात वडापाव धरून उभी होती. खाऊन झालेलं नव्हतं आणि पैसे जात नव्हते. तावडे वरून त्यांना म्हणाले, "खा रे, खा. थंड करू नका. नेट आलं की पचेल." हशा पिकला. सावंत काकू मला म्हणाल्या, "पेपरवाले, तुमच्या पेपरात छापा हे. एवढा मोठा डबा बसवलाय भिंतीवर आणि कामाला शून्य." तावडे म्हणाले, चला, आज शेजाऱ्यांची तोंडं तरी दिसली. काकू म्हणाल्या, तुमचं नसतं दिसलं तरी चाललं असतं.

मी त्यांच्यासोबत हसलो. हे मला स्वच्छ आठवतं. आणि हसताना माझ्या छातीत जे हललं ते भय नव्हतं. सुटका होती. मी खोटं लिहिलं होतं आणि ते खरं झालं होतं. आता कोण विचारणार?

एक पस्तीसला ताईचा साधा फोन आला. ती सड्यावरच होती. आवाज तुटत होता. मी म्हणालो, नेट गेलंय. तिने विचारलं, कधीपासून? मी म्हणालो, बारापासून.

ती म्हणाली, पण मेसेजला दोन टिक दिसतायत, घंटीही वाजत होती. मी तिला समजावलं. दोन टिक वर कंपनीपर्यंत पोचलं की येतात, घंटी तुझ्याच फोनमध्ये वाजते, इथे काही येत नाही. मी पेपरवाला. तिच्या दृष्टीने यातलं मला कळतं. ती म्हणाली, "असां काय. माका वाटला तुमी झोपल्यात." मग म्हणाली, "बाबांका सांग, मी हयच आसंय. नेट येयपर्यंत खाली जावचंय नाय."

मी हो म्हणालो. ते बाबांना लिहून द्यायला हवं होतं. पॅड घेऊन त्यांच्याजवळ बसलो तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. मी त्यांना हलवून उठवलं नाही.

अडीच वाजता ऑफिसचा फोन. शहर विभागाची मेधा बातमी करत होती. मी त्याच भागात राहतो म्हणून विचारत होती. कंपन्या वेळ सांगत नाहीत, म्हणाली, तुमच्याकडे नक्की कधी गेलं? मी तिला कॉपी शिकवली होती. तिने 'नक्की' हा शब्द वापरला, कारण तो मीच तिला शिकवला होता.

बाबांच्या मुठीत १२.२२ होते. ताईला बारा सांगून झालं होतं. मी म्हणालो, बाराच्या सुमारास.

 ती म्हणाली, "सर, सुमारास?"

मी म्हणालो, "हो. घरात आजारपण आहे. घड्याळ कोण बघतंय."

तीन पन्नासला बाबा गेले. त्या वेळी मी त्यांच्याजवळ होतो. हात धरला होता, असं मी नंतर सांगत आलो. तो हात मुठीचा होता, उघडला नव्हता. चार वाजून दहा मिनिटांनी मी ताईला साधा फोन केला. दुसऱ्याच घंटीला तिने उचलला. सड्यावर ऊन असतं मार्चमध्ये, कातळ तापतो, सावली नाही. चार तास सहा मिनिटं ती तिथे होती. मी सांगितल्यावर तिने एवढंच विचारलं, "नेट इला काय?" मी म्हणालो, नाही अजून.

बुधवारी सकाळी ती आली. तिच्यासाठी बाबांना थांबवलं होतं. मुठीतला कागद तिनेच काढला. उघडून वाचला, कोपऱ्यातली वेळ पाहिली. तोवर त्या दिवसाचा पेपर दारात येऊन पडलेला होता. तिसऱ्या पानावर, दोन कॉलमात : लालबाग-परळमध्ये इंटरनेट ठप्प. पहिल्याच वाक्यात – 'मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास'. ताईने ती बातमी कात्रीने कापली. चिठ्ठी आणि कात्रण एकत्र घडी करून पाकिटात ठेवलं.

आमच्या धंद्यात दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून दुजोरा मिळाला की बातमी पक्की धरतात. तिच्याकडे दोन दुजोरे होते. दोन्ही माझे.

मी तेव्हाच सांगितलं असतं तर? बुधवारी, भोईवाड्याच्या स्मशानातून परत येताना? बाराव्याला? सांगण्याजोगे प्रसंग मी मोजलेले आहेत. यादी देत नाही. प्रत्येक वेळी कारण वेगळं होतं आणि प्रत्येक वेळी मी सांगितलं नाही.

तुम्हाला वाटेल की खोटं सांगून ते तिथेच संपलं. मलाही तसं वाटलं होतं. नुकसान व्हायचं ते झालं, आता निदान तिला भावावर राग धरायला नको, एवढं तरी मी वाचवलं, असं मी पहिलं वर्षभर स्वतःला सांगितलं.

ताईने राग नेटवर धरला.

गावात पहिल्यांदा फायबरची लाइन आली ती तिच्या घरी. त्या डब्यासाठी तिने वेगळा इन्व्हर्टर घेतला. तिच्याकडे तीन कंपन्यांची तीन सिमं आहेत. दोन फोनमध्ये, एक डोंगलमध्ये. पावसाळ्याआधी ती लाइनमनला घरी बोलावून जेवू घालते आणि कुठल्या खांबावर फांदी आलीये ते दाखवते. भावोजी चेष्टेने म्हणतात की घरात एवढी काळजी फक्त राउटरची घेतली जाते, मी एकदा बंद पडलो तर कळायचंही नाही. ती हसत नाही. वाडीतल्या ज्यांची मुलं मुंबईला आहेत त्या बायकांना ती सांगते, एका कंपनीवर राहू नका. एक गेली की दुसरी हवी. माझं काय झालं ते बघा. मग ती ते सगळं सांगते. सडा, चुन्याची खूण, चार तास. कात्रण दाखवते. आमच्या घरातलं दुःख त्या वाडीत सगळ्यांना पाठ आहे आणि ते चुकीचं पाठ आहे.

रोज बाराच्या आत ती मला मेसेज करते. "नेट आसा?" मी उत्तर देतो, "आसा." बाकी बोलायचं काही असतंच असं नाही. मला उशीर झाला तर वृषालीला फोन जातो, मग सावंत काकूंना. एकदा मी दादरला दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत होतो, पंचवीस मिनिटं फोन पाहिला नाही. त्या वेळात काकू आमच्या दारावर तीनदा येऊन गेल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "काय हो, तुमच्या ताईंना एवढं कसलं भय?" मी म्हणालो, सवय आहे.

दोन वर्षांपूर्वी वादळात तिच्याकडचे खांब पडले. लाइन गेली, तिन्ही कंपन्या गेल्या. दुसऱ्या दिवशी, वारा पुरता थांबला नव्हता तेव्हा, ती सड्यावर चढली. एकसष्ट वर्षांची. ओल्या कातळावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. तशी ती चुन्याच्या खुणेपर्यंत गेली आणि रेंज नाही म्हणून खाली आली. मनगट जोडलं, पण बोटं पूर्वीसारखी वळत नाहीत.

तिच्या हाताचा फोटो भावोजींनी पाठवला. मी फोन पालथा घातला. मग सरळ केला.

गेल्या महिन्यात मी गावी गेलो. निवृत्त झालोय, वेळ आहे. सांगायचं म्हणूनच गेलो होतो. वृषालीला सांगितलं, कागदपत्रांचं काम आहे. तिलाही हे माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी बाराला ताईनेच मला सड्यावर नेलं. आता घरी रेंज असते, वर जायचं कारण नाही, तरी ती अधूनमधून जाते. दगड दाखवला. चुना नवीन होता, दरवर्षी लावते. ती दगडावर बसली, मी उभा. वारा तोच होता, फोनमधून ऐकलेला. मी म्हणालो, ताई, त्या दिवसाचं एक सांगायचंय.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला, थांब म्हणून. मग आवाज न काढता ओठ हलवले. बाबांशी बोलायची तसे. मला कळलं नाही. तिने पुन्हा हलवले. मी मान हलवली, नाही कळत. तेव्हा ती तोंडाने म्हणाली,

"तुझो काय दोष नाय. नेटाचो दोष. तू त्यांका लिवून तरी दिलंस. ते वाट बघीत रवले नाय, ह्या तुझ्यामुळे."

आम्ही उतरलो. जेवायला तिसळ्यांचं सांबारं होतं.

जाणूनबुजून केलं नाही, असं मला म्हणता येत नाही. थकलो होतो, असंही नाही. मी अकरा दिवस जागा होतो हे खरं आहे आणि त्याचा याच्याशी संबंध नाही. तिसऱ्या पानावरच्या त्या बातमीची दुरुस्ती कधी छापली गेली नाही. मागणारं कोणी नव्हतं. ज्याला माहीत होतं तो दुरुस्त्या तपासायच्या टेबलावर बसत होता.

नेट गेल्याची खरी वेळ मी कुठून पक्की केली, तेही नोंदवून ठेवतो. माझ्या फोनवर न लागलेल्या पहिल्या कॉलची वेळ १.०९ आहे. वडापाववाल्याला आलेला शेवटचा पैसे मिळाल्याचा मेसेज १.०८ चा होता, तो मी त्याच आठवड्यात त्याच्याकडून पाहून घेतला. तावडेंची मीटिंग १.०९ ला तुटली. दोन दुजोरे पुरेसे असतात. माझ्याकडे तीन आहेत.

चिठ्ठी आणि कात्रण ताईच्या पाकिटात आहेत. हा मजकूर मी तिला पाठवलेला नाही.

आज अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी तिचा मेसेज आला, "नेट आसा?" बारा वाजता मी "आसा" असं लिहून पाठवलं. दोन टिक आले. बारा वाजून एक मिनिटाने ते निळे झाले.